चहाच्या वेळेला

लॅबमधल्या जुन्या यंत्राला
पुढचं काम आधी सांगून ठेवता येतं.
काळ्या पडद्यावर लिहायचं ॲट, मग वेळ,
मग काय करायचं ते,
मग कंट्रोल आणि डी, म्हणजे झालं माझं बोलून.
ते एक नंबर देतं रेशनच्या रांगेतल्यासारखा
आणि गप्प बसतं.

उद्या म्हटलेलं त्याला कळतं. मध्यरात्रही.
चहाची वेळ म्हटलं तरी कळतं,
त्याच्या लेखी ती दुपारी चार, एक मिनिट इकडे नाही.
पण डोमाजी निकुरे सांगतात तसं,
दिवस कासराभर वर आल्यावर,
ढोरं तळ्यावरून परतली की,
असं लिहिलं तर म्हणतं, वेळ गिचमिड आहे.

डोमाजींनी एकतीस वर्षं घंटा दिली.
घंटा म्हणजे नागभीडच्या छोट्या गाडीचा रूळ,
हातभर, कडुनिंबाला टांगलेला.
मनगटावर घड्याळ कधी नव्हतं.
सावली हापशाच्या ओट्याला टेकली की मधली सुट्टी,
आणि साहेब तपासायला आले तेव्हा
साहेबांचंच घड्याळ मागे निघालं.

निवृत्तीच्या आदल्या दिवशी मी फोनवर
त्यांचे तीन टोल भरून घेतले.
दुसऱ्या-तिसऱ्याच्या मध्ये ते खोकले.
ते कापायचं राहून गेलं.
निरोपाच्या दिवशी, चहाच्या वेळेला,
छपरावरच्या भोंग्यातून वाजव, असं यंत्राला सांगितलं.
काम क्रमांक सात.

तीन पन्नासला लाइन गेली.
शाल, नारळ, सोनपापडीचा डबा,
उईके बाईंचं माइकशिवाय भाषण,
सगळं सातव्या नंबरावाचून उरकलं.
डोमाजी सायकल हातात धरून चालत घरी गेले,
कॅरिअरला नारळ.

मला वाटलं, वेळ टळली म्हणजे काम मेलं.
तसं नसतं.
वीज नसली तरी चिठ्ठी आत पडून असते.

रात्री साडेआठला लाइन आली.
यंत्र आपोआप उठलं, घड्याळ पाहिलं,
राहिलेलं त्याला आठवलं.
गावावरून गेला एक टोल. दुसरा.
खोकला.
तिसरा.

मी धावत पोचले तर फाटकाशी डोमाजी आधीच उभे,
उजव्या हाताला भात चिकटलेला,
डाव्या हातात हातोडी,
शाळेची, परत द्यायची राहिलेली.
"कोन वाजवली?"
"तुम्हीच. दुपारी चारला."
त्यांनी रुळाकडे पाहिलं. तो हलत नव्हता.
बराच वेळ त्यांनी त्याला हलायची सवड दिली.
"टोल माहे आहेत," म्हणाले, "पन खोकला कोनाचा?
छातीतून येऊन राह्यला. चांगला नोहे.
त्या मानसाले दवाखान्यात दाखवा लागते."

आत जाऊन मी रांग पाहिली.
रिकामी. नुसती लुकलुकणारी रेघ.
"उद्या ब्रह्मपुरीला जाऊ," मी दारातून ओरडले,
"किती वाजता निघायचं?"
"दिवस कासराभर वर आला का."

या दिवसांत तो आठ दहाला येतो.
मी आठ दहा लिहिलं.