चौथा पोर्ट

औसा रोडला, बॅटऱ्यांच्या दुकानावर एक खोली.
एसी गळका, खाली पेंटचा डबा लावलेला.
रॅकमध्ये सगळ्यांची एकेक पिवळी वायर:
उदगीरची, निलंग्याची, अहमदपूरची, माझी,
आणि चौथ्या पोर्टात मन्मथची.

मन्मथ बिडवे आणि मी, सात वर्षं भागीत केबल.
मग हिशेब निघाले. मग खांबावर चढून
त्यानं माझी फायबर कापली, मी त्याची.
तेव्हापासून खोरी गल्लीतल्या त्याच्या गिऱ्हाइकानं
समोरच्या दारात, माझ्या गिऱ्हाइकाला
बारशाचे फोटो धाडले
तरी ते आधी मुंबई बघून यायचे,
आणि त्या जाण्यायेण्याचं भाडं
आम्ही दोघंही भरायचो, मुकाट.

गुट्टे मॅडम म्हणाल्या, एकमेकांशी नका बोलू.
या पेटीशी बोला. राउट सर्व्हर.
तुमच्याकडं कुठले पत्ते आहेत ते हिला सांगा,
ही बाकीच्यांना सांगेल.
"म्हणजे सगळा माल हिच्यातून जाणार?"
नाही. माल थेट. ही नुसती वाट सांगते,
आणि वाटेच्या यादीत स्वतःचं नावसुद्धा लावत नाही.

मी बघतच राहिलो पेटीकडं.
सोयरीक जुळवून जेवायच्या आत उठून गेलेला माणूस
मी तरी अजून पाहिला नव्हता.

दीड वर्ष चाललं तसं.
मन्मथच्या घरापासून माझ्या घरापर्यंत दोन मिलिसेकंद.
गंजगोलाईत तो समोरून आला
की मी सोळातला दुसरा रस्ता धरायचो.

मे महिन्यात, रात्री पावणेदोनला, पेटी बसली.
जोडीची दुसरी मंजूर होती, आली नव्हती.
स्क्रीनवरून पत्ते गळत गेले, ओळीमागून ओळ,
आणि अख्खं लातूर
पुन्हा मुंबईवरून स्वतःशी बोलाय लागलं.
फोन वाजला. नंबर पुसलेला, पण पाठ.

"इर्शाद, जागा हाईस?"
"हाय."
"आपलं आपण थेट सेशन लावू की. पेटी उठंस्तोर."
मी माझा एएस नंबर सांगितला, त्यानं त्याचा.
एकेक आकडा दोनदा म्हणून घेतला,
जसं काही आम्हाला ठाऊकच नव्हता.
"पासवर्ड काय ठेवायचा?"
पलीकडं पंख्याचा खडखडाट.
मग त्यानं आमच्या जुन्या दुकानाचं नाव सांगितलं,
पाटीवर पेंटरनं खाल्लेलं अक्षर
तसंच गाळून.

सकाळी पेटी उठली. सगळ्यांचे पत्ते परत आले.
आमचं थेट सेशन अजून चालूच आहे.
काढायचं कुणी,
ते बोलणं झालेलं नाही.