सरकारी काम

पूर्वी इथे सोफे विकायचे.
काचेवर आतून अजून एक पट्टी आहे, सेलची,
'शेवटचे तीन' इथवर शाबूत,
पुढचं कुणीतरी नखाने खरवडलं
आणि कंटाळून सोडून दिलं.

लूटनच्या या दुकानात सरकारने घाईघाईने
बावीस टेबलं मांडली,
आणि आम्हाला नेमलं, बावीस जणांना.
त्यातल्या बहुतेकांची नोकरी मागच्याच वर्षी गेलेली.

मी विमानतळावर सामान तोलायचे.
तेवीस किलो.
काटा जरा पुढे सरकला की माणसं माझ्यासमोर बॅग उघडून
अंगावर दोन-दोन स्वेटर चढवायची.
मग विमानंच उडेनाशी झाली.
सरकारने घरी बसवून पगार दिला, शंभरातले ऐंशी.
खोटं कशाला बोलू, त्या ऐंशीवर भाडं गेलं,
मुलीचे शाळेचे बूट आले.
नंतर कंपनीचं पत्र आलं. तीन ओळींचं.

आता माझं काम, लोकांना काम शोधून देणं.
मिरजेत आईने साऱ्या आळीला सांगितलं,
पोरगी सरकारी नोकरीत लागली!
बाबा फोनवर हसले, "सरकारी काम अन् सहा महिने थांब."
करार बाराच महिन्यांचा आहे,
हे मी दोघांनाही सांगितलं नाही.

प्रत्येकाला दहा मिनिटं.
नाझनीन, वय एकोणीस,
योजनेतून लागली फुलांच्या दुकानात.
पगार सरकार भरणार, देठ छाटायला दुकानदार शिकवणार,
सहा महिने.
"आणि त्यानंतर?" तिने विचारलं.
बाबांची म्हण मी मनात उलटी करून पाहिली:
सहा महिने काम, मग थांब.
तिला म्हटलं, आधी हात तर बसू दे.

मंगळवारी अकरा वीसला डेलरॉय आला.
सव्वीस वर्षं पट्ट्यावरच्या बॅगा उचललेला.
पहिल्या दिवशी यानेच मला शिकवलं होतं:
ओझं कंबरेने नाही, गुडघ्यांनी उचलायचं.
मी त्याला नाव विचारलं, तसा नियम आहे.
जन्मतारीख विचारली.
त्यानेही सगळं नीट सांगितलं,
माझी लाज राखत.

गेल्या आठवड्यात काम शोधण्यात किती तास घालवलेत?
(पस्तीस भरावे लागतात.)
"वॉर्डन हिलवर बसतो," तो म्हणाला, "विमानं मोजतो.
मार्चमध्ये दिवसाला चार. काल अकरा.
अकरा म्हणजे दोन पाळ्या,
दोन पाळ्या म्हणजे..." आणि बोटं दुमडत राहिला.
मी चौकटीत लिहिलं:
बाजारपेठेचा अभ्यास. पस्तीस तास.

रात्री टीव्हीवर मंत्री म्हणाले, अर्थव्यवस्था सावरते आहे.
मागे एक रेघ वर चढत होती.
सावरणं म्हणजे काय ते मला ठाऊक आहे.
पडता पडता कुणीतरी दंड धरतं.
कुणी धरला, किती घट्ट,
आणि कधी सोडला,
हे त्या रेघेत दिसत नाही.

जूनमध्ये डेलरॉयला बोलावणं आलं.
नाझनीनला दुकानाने ठेवून घेतलं, आठवड्याचे तीन दिवस.
आमच्या बावीस टेबलांतली नऊ उचलून नेली,
गालिच्यावर त्यांच्या पायांचे खड्डे राहिले.
मी चोख काम करते. फोन करते, मालकांच्या मागे लागते,
रांग दर आठवड्याला आखडते,
आणि रांग संपेल त्या दिवशी माझं पत्र येईल.
किती ओळींचं असेल कोण जाणे.

संध्याकाळी बसथांब्यावर मीही मोजते.
पंधरा. सोळा.
सतरावं डोक्यावरून गेलं, इतकं खालून
की चाकं दिसली.
बरं वाटलं, अगदी खरंच बरं वाटलं.

आणि उभ्याउभ्याच
मी गुडघे जरासे वाकवले.