जुन्या नाताळाची चाल

पंचवीस डिसेंबरला आमच्याकडे फारसं काही नसतं.
डेटनहून भावाचा फोन, डब्यातलं मांस,
रस्त्यावर मीठ टाकणारा ट्रक.
खरा नाताळ पुढे, बारा दिवसांनी,
जानेवारीच्या पाचव्या रात्री.
केंटकीच्या या घळीत जुनं पंचांग
अजून कुणी खिळ्यावरून उतरवलेलं नाही.

त्या रात्री माझा बाप, बर्ल,
पलंगाखालून डल्सिमर ओढतो.
अक्रोडाचं लाकूड, कमरेत बारीक,
अंगावर चार भोकं, पत्त्यांतल्या बदामासारखी.
एकातून कधीतरी शर्टाचं बटण आत पडलंय,
हलवलं की खुळखुळतं.
काढू देत नाही.
मांडीवर आडवा घेतो,
न्हाऊ घातलेलं पोर पुसायला घ्यावं तसा.

डाव्या हातात बोटभर वेताची काडी,
उजव्या हातात हंसाच्या पिसाचा देठ.
एक तार चालत जाते.
दोन तारा जागच्या जागी गुणगुणत राहतात,
कुंपणाशी बोलत थांबलेल्या बायांसारख्या.

या चालीला शब्द होते.
ते चर्चमध्ये राहिले.
तिथे वाद्य चालत नाही, नुसता गळा.
आणि घरात गळा चालत नाही,
एकतीस वर्षं खाणीत
गुडघ्यांवर रांगून काढलेली.
आता नाकात नळी, नळीच्या टोकाला यंत्र,
यंत्राचं फुसफुसणं स्वतःच्याच तालात.

तर तो गात नाही. ओठसुद्धा हलवत नाही.
पण दोन ओळी झाल्या की पीस थांबतं.
तारा विझेपर्यंत थांबतं.
छाती वर येते, खाली जाते,
पुन्हा वर येते,
मग तिसरी ओळ.
"वाजवायला कशाला लागतो श्वास?"
मी विचारलं होतं एकदा.
"तारेला नाही लागत," म्हणाला. "मला लागतो."

शनिवारी पोरं येतात शिकायला.
ओर्लीनाच्या जुळ्या मुली, डाकवाल्याचा थोरला,
एकूण नऊ.
त्यांनी चाल उचलली ती खळीसकट.
फुप्फुसं अशी की हाक मारून
पलीकडच्या डोंगरावरची गाय वळवतील,
तरी दोन ओळींनंतर
नऊच्या नऊ पिसं हवेत.

गेल्या हिवाळ्यात लेक्सिंग्टनहून एक बाई आल्या,
टेबलावर यंत्र ठेवलं, डोळे मिटून ऐकलं.
वहीत लिहिलं, मी खांद्यावरून वाचलं:
"हा विराम फार जुना. बहुधा समुद्रापलीकडचा."
बापानं गंभीरपणे मान डोलावली.
कॉफी दिली, पुलापर्यंतचा रस्ता सांगितला.
मोटार वळणाआड गेल्यावर इतका हसला
की नळी निसटली.
मी ती बसवेपर्यंत
आम्ही दोघंही हसत नव्हतो.

आज पाचवी रात्र.
जुन्या नाताळाला म्हणे, मध्यरात्री
गोठ्यातली गुरं गुडघे टेकतात.
आमच्या गोठ्यात गुरं उरली नाहीत,
होबर्टकाकाचं म्हातारं खेचर आहे, आश्रयाला.
कंदील घेऊन मी गेले. दरवर्षी जाते.
खेचर उभं होतं. दरवर्षी असतं.
गवत चघळत माझ्याकडे बघत होतं,
जणू मीच टेकायचे होते.

तेवढ्यात घराच्या फळ्यांतून चाल आली.
एक ओळ. दुसरी.
पीस थांबलं.
आणि देवाशपथ,
खेचराचं चघळणंही थांबलं.

कंदिलाच्या काचेवर माझा श्वास नव्हता.
मी मोजत होते: पाच, सहा.
नेहमी सातला येते.
आठ.
छपरावरून बर्फाचा एक थर घसरला, धप्प.
नऊ.
मी कडीला हात घातला.
दहा.

तिसरी ओळ आली, जराशी वाकडी,
आत बटण खुळखुळलं असावं.
खेचर पुन्हा चघळू लागलं.