जाजो

सीन दीड पानाचा. माणसं दोन, वाक्यं आठ.
सरांची अट एकच :
कॅमेरा हलवायचा नाही, माणसं हलली पाहिजेत.

गोळीबार चौकामागं पराते मावशींचं स्वयंपाकघर
दोन दिवसांसाठी मागून घेतलं.
मे महिना. पारा पंचेचाळीसवर.
जयेंद्र बूम उचलून म्हणाला, कूलर बंद.
कूलर बंद झाला तेव्हा कळलं
त्याच्या आड किती काय लपलेलं असतं :
वाळ्याच्या ताटीचं ठिबकणं, शेजारचा कुकर,
आणि तीन घरं सोडून कुणाचातरी हातमाग,
खटक् खटक्,
दुपारभर न थांबणारा.
जयेंद्रनं हेडफोन काढले. त्याला कोण सांगणार, बंद कर?
कुणीच गेलं नाही.
तो माग आता आमच्या सीनमध्ये आहे.

बापाच्या भूमिकेत निमजे काका,
एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर.
जन्मभर लोकांना पुढं सरकवलेल्या माणसाला
मी सांगत होते,
काका, थोडं मागं सरका, खांदा फ्रेममध्ये येतोय.

मुलगी म्हणते : बाबा, निघते मी.
बाप म्हणतो : जेवून जा.
मी लिहिलं होतं एवढंच,
शाळेच्या पुस्तकातल्या मराठीत, ऱ्हस्व-दीर्घ तपासून.
काका म्हणाले, "जेवून जाजो."
कट. काका, जा. नुसतं जा.
"हो हो." आणि पुन्हा जाजो.
तिसऱ्यांदा जाजो. चौथ्यांदा ओठ आवळून
जा... जो.
पाचव्यांदा बरोबर म्हणाले,
आणि यामिनीनं दचकून पाहिलं,
कुणी दार दाखवावं तशी.
मी म्हणाले, ओके. नेक्स्ट.

रविवारी काकांना कामठीला लग्न होतं.
यामिनीचा क्लोजअप त्यांच्याशिवाय घेतला.
फ्रिजच्या मुठीवर, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला,
लाल टेपचा तुकडा.
त्यांची वाक्यं मी कॅमेऱ्यामागून वाचली.
टेपच्या तुकड्याकडे बघत ती रडली. बरं रडली.

मानेवाड्याच्या खोलीत रात्री एडिटला बसले.
शनिवारचा बाप रविवारच्या मुलीला उत्तर देतो.
शनिवारी पेला अर्धा, रविवारी काठोकाठ,
ते हाताच्या आड झाकलं.
झाकता आलं नाही ते 'जा'.
आठ फ्रेम आधी कापलं, आठ फ्रेम नंतर,
मध्ये मिनिटभर रेकॉर्ड केलेली रिकामी खोली भरली.
तरी बाप मुलीला घालवतच होता.

जा म्हणजे आत्ता.
जाजो म्हणजे जाशील, बाई, जाशीलच,
पण त्या 'जो'वर एक पाट मांडलेला असतो.
हे मला माहीत होतं.
उमरेडहून माझे बाबा फोनवर म्हणतात, पोचली की सांगजो,
आणि मेसच्या रांगेत मी आवाज बारीक करते.

पहिल्या टेकपासून शोधत गेले.
प्रत्येक 'जो'च्या शेपटीवर माझा 'कट' चढलेला,
वेगळा निघेना.
फक्त तिसऱ्यात, मी घाम पुसत होते म्हणून असेल,
अर्धा सेकंद उशीर झाला होता.
त्या टेकमध्ये चेहरा धूसर. म्हणून आवाज तेवढा घेतला
आणि काकांच्या पाठीवर ठेवला,
त्याच खांद्यावर, जो मी बाहेर काढत होते.
पाठमोरा बाप म्हणाला : जेवून जाजो.
रविवारच्या यामिनीनं मान वर केली.
मागं खटक् खटक्.

फाइलचं नाव : फायनल चार खरंच फायनल.

सर म्हणाले, ओठ दिसत नाहीत. सहा गुण कापले.

लॅपटॉप घेऊन काकांकडे गेले.
चष्मा पुसून त्यांनी शेवटपर्यंत पाहिलं,
पडदा काळा झाला तरी पाहत राहिले.
"मंग? जेवली का नाई ते?"
काका, सीन तिथंच संपतो.
"असा कसा संपते," ते म्हणाले,
आणि आत पाहून हाक मारली,
"अवं, पोरगी आली आहे, दोन पोळ्या जास्तीच्या टाकजो."