रकाना सहावा

सुबराव भोई काहिलीतून उतरतो.
गुऱ्हाळ बंद पडलं तेव्हा भंगाराच्या भावात घेतलेली काहील,
उन्हं चढली की तिच्या बुडातून
अजून करपल्या गुळाचा वास येतो.

प्रयाग चिखलीच्या काठावर मी फॉर्म काढतो. किती?
तो पाटी पुढं करतो : चार चिलापी, एक वाम,
आणि बोटाएवढं काहीतरी, चंदेरी,
ज्याचं नाव त्याच्या आज्याला ठाऊक होतं.
"ल्ह्या की सायेब, काय बी ल्ह्या."

सहाव्या रकान्यात लिहितो : इतर.

कचेरीत खोतसाहेबांनी समजावून ठेवलंय,
कमी दाखवलं तर वरून विचारणा येते,
फार दाखवलं तर पुढल्या साली उद्दिष्ट येतं.
म्हणून मागच्या आकड्यावर पाच टक्के.
मीठ घालावं तसं, अंदाजानं.

मळी सुटली त्या आठवड्यात
बंधाऱ्याखाली पाणी दिसत नव्हतं,
नुसती पांढरी पोटं.
तेव्हाही पाच टक्के.
मेलेल्यांना रकाना नाही.

आज टेबलावर अहवाल आलाय,
आपल्या आणि शेजारच्या देशांतली गोड्या पाण्यातली मासेमारी,
वीस वर्षांच्या रेघा.
झेरॉक्स काळी-पांढरी,
त्यामुळं बांगलादेश कुठला, नेपाळ कुठला, आपण कुठले,
काही लागत नाही.
सगळ्या वर चाललेल्या,
एक मात्र मध्येच कड्यावरून पडावी तशी खाली,
आणि खाली बारीक अक्षरात :
जुने आकडे दुरुस्त केले आहेत.

कुणी केले असतील?
इरावतीच्या चिखलात पँट दुमडून उभा
माझ्यासारखाच कुणी, ओला फॉर्म वाळवत,
एके दिवशी कंटाळून
खरं लिहून बसला असेल का?

सुबरावला सांगितलं,
पलीकडं लई वाढलंय म्हणे मासं.
त्यानं जाळ्यातलं शेवाळ झटकलं.
"असंल. पण मोजतंय कोण तितं?"

मी काही बोललो नाही.
निघताना त्यानं तो चंदेरी मासा
केळीच्या पानात गुंडाळून दिला,
तळा, काट्यासकट जातोय.

रात्री खाल्ला.
चव ओळखीची नव्हती.
फॉर्म तोवर कोल्हापुरातून पुण्याला गेला होता,
त्यात तो होता, पाच टक्क्यांसह.