हातचे तीनशे चाळीस

टेंभेकर सर वह्या घेऊन यायचे
नारायण पेठेतल्या आमच्या डीटीपीच्या दुकानात,
चारच्या ठोक्याला, शटर अर्धं वर असतानाच
वाकून आत.
पानाला बारा रुपये. आकडेवारीचे तक्ते धरून.

इतिहासात तीनशे चाळीस वर्षं जास्तीची आहेत,
असं सरांचं म्हणणं.
"हे घराणं बघ. बावीस वर्षं, मग सात, मग एकतीस.
आता हे, साडेतीन शतकं अलीकडचं:
बावीस, सात, तीस.
अगं, राजे दोन नाहीतच.
कुणा नक्कलनवीसाला दुपारची डुलकी लागली
आणि त्यानं हातचा दोनदा मिळवला."

ताम्रपटांतली ग्रहणं त्यांनी एकेक सोडवली होती,
लॉगच्या तक्त्यानं, पेन्सिलीनं.
जुळलं तर खाली दोन रेघा,
नाही जुळलं तर लाल फुली.
फुल्या जास्त होत्या.
मी मोजल्या होत्या, बोलले नाही.

शतकं कमी होत गेली, पानं वाढत गेली.

एकदा त्यांच्या व्याख्यानाला गेले.
सतरा माणसं, त्यांतली चार बटाटेवड्यासाठी.
एक गृहस्थ टोपी सारखी करत उठले:
"मग आमच्या पेन्शनच्या थकबाकीतली
नेमकी किती वर्षं खरी धरायची?"
हशा. सरही हसले, जरा उशिरा.
मागच्या रांगेतल्या एक बाई हसल्या नाहीत.
आयुष्यभर नाणी तपासलेल्या.
"दोन्ही राजांची नाणी आहेत माझ्याकडे," म्हणाल्या,
"या एकदा. हातात घेऊन बघा.
वजन वेगळं लागतं."
सरांनी खडू खाली ठेवला,
पुन्हा उचलला.
गेले नाहीत कधी.

शेवटच्या वहीत परिशिष्ट होतं:
जवळच्या काळातही नोंदी कशा दुणावतात, याचे दाखले.
पाणशेतचा पूर. बारा जुलै एकसष्ट.
शनिवार पेठ, मुलगी, वय सहा, वाहून गेली.
खाली पुन्हा
शनिवार पेठ, मुलगी, वय सहा, वाहून गेली.

टाइप करता करता मी सहज विचारलं,
"सर, तुमच्या नियमानं ही एकच ना?
एक ओळ उडवू?"

बाहेर कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं. लागत नव्हती.

"नको," सर म्हणाले. "दोघी होत्या.
एक पेंडशांची कुमुद.
एकीचा हात माझ्या हातात होता."

आठवड्यानं प्रुफं तपासून आणली.
पाचशे बारा पानं, लाल शाईनं भरलेली.
कित्येक राजे त्यांनी स्वतःच खोडले होते,
काही समासात परत घेतले होते.
परिशिष्टातल्या त्या ओळींना हात लावलेला नव्हता.
फक्त खाली दोन रेघा,
आणि दुसरीच्याही खाली दोन.

बिलातले चव्वेचाळीस रुपये सुट्टे नव्हते.
उद्या आणतो, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी चारला पाच कमी असताना
मी शटर पूर्ण वर केलं.