जनेल, आवृत्ती ०.४

डिचोलीत, खाण बंद पडल्यावर,
वजनकाट्याच्या कचेरीवरची खोली स्वस्तात मिळाली.
खाली लोखंडी पाट अजून तसाच,
कुत्रं चाललं तरी काटा जरासा हलतो,
आणि वर आम्ही तिघं
एका ब्राउझरचं वजन कमी करत बसलेलो.

इंजिन मिंगेलने आणलं.
कुणीतरी दूरदेशी अर्ध्यावर टाकलेलं,
परवाना मात्र शाबूत:
घ्या, उघडा, मोडा, बदला,
पुढच्यालाही असंच उघडं द्या.
मिंगेल म्हणाला, आमची होडी अशीच आली होती,
नाळेवरचं आधीच्या मालकाचं नाव बापायने खरवडलं नाही.
आम्हीही नाही खरवडलं.
फाइलींच्या माथ्यावर ती नऊ अनोळखी नावं
अजून आहेत.

'जनेल' हे नाव सुलक्षाचं.
चोडणला तिच्या काकाकडे शिंपल्यांची जनेलं आहेत,
उजेड आत येतो, रस्त्यावरची नजर येत नाही.
"एवढंच करायचं," ती म्हणाली.
त्या एवढंचला अडीच वर्षं लागली.

एक जीबीत चालायला हवं
(खाणीच्या भंगारातले अकरा संगणक हेच आमचे परीक्षक).
मागची पानं झोपावीत, हात लावला की जागी व्हावीत.
मिटलं की विसरावं.
चपलांचा एक जोड पाहिला म्हणून
महिनाभर चपला घेऊन कुणी मागे फिरू नये.

माझ्याकडे गाळणं होतं.
पानांत काय काय दडवलेलं असतं:
एका ठिपक्याची चित्रं, पारदर्शक चौकटी,
शब्दांच्या पोटात शून्य रुंदीच्या खुणा,
कुणी उतरवून घेतलं ते कळावं म्हणून.
मी नियम लिहिला, एका ओळीचा:
जे दिसत नाही ते काढून टाक.
त्या ओळीचा मला, खोटं कशाला बोलू, गर्व होता.
०.३ बाहेर पडली.

अकराव्या दिवशी सत्तरीतून मेल आली.
प्रेमावती गावस, प्राथमिक शिक्षिका:
"शाळेच्या जुन्या संगणकावर तुमचं जनेल उघडतं, आभार.
पण भूगोलाच्या पानावर
'इथे खोल दऱ्या आहेत' याचं
'इथे खोल दर्या आहेत' झालंय.
चौथीतला एकजण विचारतो, बाई, मासे कुठे?"

आम्ही पोट धरून हसलो.
मग मी तीन रात्री हसलो नाही.

र पाय मोडून उभा असतो, पुढे य,
आणि दोघांच्या मध्ये एक जोडणारं चिन्ह,
रुंदी शून्य, पडद्यावर कधीच न दिसणारं.
तेच र ला खाली धरून ठेवतं.
ते गेलं की र टुणकन य च्या डोक्यावर बसतो
आणि अख्खी सत्तरी पाण्याखाली जाते.
माझ्या नियमाने त्याला हेर समजून उचललं होतं,
पानापानांतून, चौकशी न करता.
एका स्वयंपाकाच्या पानावर
आचाऱ्यांचे आचार्य झाले होते.
त्यांच्यातल्या कुणी तक्रार केली नव्हती.

आता तो नियम दोनशे बारा ओळींचा आहे.
न दिसणाऱ्या प्रत्येकाला आधी विचारतो,
तुझे शेजारी कोण?
मागे हलन्त, पुढे अक्षर, तर बस बाबा.
परक्या ओळीत उगाच दबा धरून असलास, तर ऊठ.
थोडा मंदावलाय. मिंगेल कुरकुरतो:
चाळीस केबी वाढले.
वाढू देत.

०.४ मध्ये दहावं नाव बाईंचं घातलं.
त्यांचं उत्तर आलं: मला कोड येत नाही, काढा.
मिंगेल काढेना.
मग त्यांनी एक चित्र पाठवलं,
चौथीतल्या त्याच मुलाचं.
सगळ्यांत जुन्या संगणकावर उघडलं आम्ही,
ते वरून खाली सावकाश उतरत गेलं:
आधी आभाळाची पट्टी,
मग डोंगर, त्यांवर काटेरी झाडं,
मग दरी, हिरवी, बरीच खोल,
सुलक्षा म्हणाली, थांबा, अजून येतंय,
आणि अगदी तळाला
तीन मासे.

खाली लिहिलं होतं:
हे दुरुस्त करू नका.